दिवसाच्या उजेडावरची आमची प्रवेशिका: पावसाळ्यातल्या मोजणीपासून निकालाच्या मेलपर्यंत

वास्तुकलेच्या जगात दिवसाच्या उजेडाला वाहिलेले दोन पुरस्कार आहेत आणि कॉलेजात त्यांची सरमिसळ सतत होते. आधी ती सोडवते.

पहिला ‘द डेलाइट अवॉर्ड’. छतातल्या खिडक्या बनवणाऱ्या वेलक्स या डॅनिश कंपनीचे संस्थापक व्हिलम कान रासमुसेन यांच्या मागे उभ्या राहिलेल्या सेवाभावी प्रतिष्ठानांकडून तो दिला जातो. त्याच्या जुन्या अवतारातला पहिला मान १९८० साली सिडनी ऑपेरा हाऊसवाल्या यॉर्न उत्झन यांना मिळाला. २०१६ पासून वास्तुकला आणि संशोधन असे दोन वेगळे सन्मान देतात, प्रत्येकी एक लाख युरोंचे. त्या वर्षी स्टीव्हन हॉल आणि संशोधनासाठी मारिलिन आंदरसन, २०१८ ला हिरोशी सांबुइची आणि ग्रेग वॉर्ड, २०२० ला युहा लेइविस्का आणि रसेल फॉस्टर. हा पुरस्कार मुरलेल्या माणसांचा. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्याचा फॉर्म शोधत बसू नये.

दुसरा ‘इंटरनॅशनल वेलक्स अवॉर्ड’. तो आपल्यासारख्यांसाठी. २००४ मध्ये सुरू झाला, दर दोन वर्षांनी सम वर्षी होतो, जगातल्या कुठल्याही आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला खुला आहे, प्रवेश फी नाही. आम्ही तिघांनी यात भाग घेतला आणि आता सगळं संपलंय. नोंदणीच्या पानापासून निकालापर्यंत काय काय वाटेत येतं हे मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितेय. आम्ही जिंकलो नाही हे आधीच सांगते, म्हणजे शेवटासाठी वाचत जायला नको.

सुरुवात खरं तर स्पर्धेसाठी झालीच नव्हती. एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातली बसायची जागा हा आमच्या शोधनिबंधाचा विषय होता. हॉल इमारतीच्या पोटात. चारही बाजूंनी तपासणीच्या खोल्या, केसपेपरची खिडकी, औषधांचं कोठार. बाहेरची एकही भिंत हॉलच्या वाट्याला येत नाही. लोक सकाळी येतात आणि नंबर लागेपर्यंत ट्यूबलाइटखाली बसून राहतात. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय हे कळायला मार्ग नाही. तिथे नुसतं बसलं तरी थोड्या वेळाने आपण कधी आलो याचा अंदाज सुटतो.

परवानगीचं आधी सांगते, कारण इथेच बरेच जण थकतात. रुग्णालयात मोजमाप करायचं तर अधीक्षकांच्या नावे पत्र लागतं, आणि ते कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: नक्की काय मोजणार, किती वाजता येणार, आणि रुग्णांचे फोटो काढणार नाही. तिसरी ओळ घातल्यावर आमचं काम पुढे सरकलं. त्यांची भीती तीच होती. पत्र दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख मागून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी टेबलावरचा माणूस बदललेला असला तरी पहिल्यापासून गोष्ट सांगावी लागत नाही. मिळालेली परवानगी स्कॅन करून ठेवा.

आमची पहिली मोजणी ऑगस्टमध्ये झाली आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला. डेलाइट फॅक्टर, म्हणजे बाहेर मोकळ्या आकाशाखाली जेवढा प्रकाश पडतो त्याच्या किती टक्के आत पोचतो, हा आकडा पूर्ण ढगाळ आकाश गृहीत धरून काढलेला आहे. आंतरराष्ट्रीय मानकातलं ते ढगाळ आकाश माथ्यावर क्षितिजाच्या तिप्पट तेजस्वी असतं. लख्ख उन्हात हे गुणोत्तर घेतलं तर दर तासाला वेगळं उत्तर येतं आणि त्याला अर्थ राहत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष मोजायचा असेल तर आभाळ भरून आलेला दिवसच धरावा लागतो. दोन लक्समीटर हवेत (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजणारी यंत्रं), एक गच्चीवर आणि एक आत, आणि दोघांनी फोनवर ‘आता’ म्हणून एकाच क्षणी आकडे घ्यायचे. मीटर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मिळाले. त्यांची नोंदवही आणि अनामत यातच एक सकाळ गेली. मोबाइलवरची लक्स मोजायची ॲप मात्र यासाठी वापरू नका. एकाच टेबलावर तीन फोन तीन वेगळे आकडे दाखवतात.

दिवे बंद करून मोजायचं तर विभाग बंद असायला हवा, म्हणून रविवार मागून घेतला. हॉलच्या मधोमध डेलाइट फॅक्टर शून्याच्या इतका जवळ होता की मीटरच्या शेवटच्या अंकावर भांडण्यात काही राम नव्हता. आम्ही आकडे दोन उंचीवर घेतले. एक नेहमीचा, टेबलाच्या पातळीवर, मीटर आडवा धरून. दुसरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीपासून साधारण १.२ मीटर, मीटर उभा धरून, तो माणूस जिकडे बघतो तिकडे तोंड करून. हा दुसरा आकडा आमच्या मार्गदर्शक मॅडमनी घ्यायला लावला. तेव्हा आम्हाला तो नुसता वाढीव व्याप वाटला होता.

त्यामागचं कारण नंतर वाचनात आलं, आणि आमच्या प्रवेशिकेचा कणा तोच झाला. रसेल फॉस्टर हे ऑक्सफर्डचे मेंदूशास्त्रज्ञ. डोळ्यात दिसण्यासाठीच्या दंडपेशी आणि शंकुपेशी असतात हे आपण शाळेत शिकतो. ज्या उंदरांमध्ये या दोन्ही पेशी नाहीत त्यांचंही शरीरातलं घड्याळ उजेडावर पुढेमागे होतं, हे फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. म्हणजे डोळ्यात प्रकाश ओळखणारं तिसरं काहीतरी आहे, ज्याला चित्र दिसत नाही, फक्त दिवस आहे की रात्र एवढं कळतं. त्या पेशींमध्ये मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्या घड्याळाला टेबलावर किती लक्स पडतात याच्याशी देणंघेणं नाही. डोळ्यापर्यंत किती पोचतो, कधी पोचतो आणि किती वेळ पोचतो, हे त्याला हवं. बाहेर ढगाळ दिवशीही हजारो लक्स असतात, भर उन्हात लाखभर, आणि आत बसलेला माणूस सकाळभर शे-दोनशे लक्समध्ये असतो. आमच्या हॉलमधला प्रश्न वाचायला उजेड पुरतो का, हा नव्हताच. ट्यूबखाली केसपेपर वाचता येत होता. तिथे सकाळ पोचत नव्हती.

हे वाक्य सापडायला नोव्हेंबर उजाडला. ते सापडल्यावर मॅडम म्हणाल्या, “आता स्पर्धेचा विचार करा. याआधी केला असता तर तुम्ही इमारत पाठवली असती.”

स्पर्धेचे दोन विभाग आहेत. एक इमारतींमधल्या उजेडाचा, जिथे प्रत्यक्ष रचना अपेक्षित असते. दुसरा उजेडाच्या शोधाचा, जिथे साहित्य, तंत्र, शरीरावरचा परिणाम, प्रकाशाचं वागणं अशा कशावरही प्रयोग चालतात. आमचं काम दोन्हीच्या सीमेवर होतं आणि यावर आमच्यात बरेच दिवस वाद चालला. आमच्या तिसऱ्या सोबत्याला शोधाचा विभाग हवा होता. तिथे मोकळीक जास्त, असं त्याचं म्हणणं. मला वाटत होतं की मोकळीक जास्त तिथे आपल्याजवळ दाखवायला स्वतःचा प्रयोग हवा. फॉस्टर यांचा प्रयोग आपला म्हणून कसा पाठवणार? शेवटी इमारतींचा विभाग धरला. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: तुमची सगळ्यात चांगली शीट सेक्शनची, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेल्या रेखाटनाची, असेल तर इमारती, आणि सगळ्यात चांगली शीट फोटोंची मालिका किंवा आलेख असेल तर शोध.

वेलक्सचं नाव असल्यामुळे त्यांच्याच खिडक्या दाखवाव्या लागतात असा एक समज आहे. तशी अट नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षा तोंडावर असूनही २१ तारखेला सूर्योदयापासून रुग्णालयाच्या गच्चीवर गेलो. उत्तर गोलार्धातला वर्षातला सगळ्यात लहान दिवस. सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, टाकीची, जिन्याच्या खोलीची आणि शेजारच्या झाडाची सावली लांबलचक पडते. सॉफ्टवेअर हे सगळं दाखवतं हे मान्य, पण सॉफ्टवेअरमध्ये ती टाकी तुम्ही काढली असेल तरच. आमच्या मूळ नकाशात ती नव्हती, नंतर बसवलेली होती, आणि आम्ही जिथे छत उघडायचं ठरवत होतो नेमकी तिथे तिची सावली येत होती. गच्चीवर जाताना खडू न्या आणि दर तासाला सावलीची कड आखा. साधा उपाय आहे, पुढे संगणकातलं मॉडेल तपासायला हीच आखणी कामी येते.

आता रचना. भिंत नाही म्हणजे उजेड वरूनच आणावा लागणार, आणि पुस्तकी उत्तर तयार असतं: उत्तरेकडे तोंड केलेल्या उभ्या काचा, कारखान्याच्या छपरासारख्या. हे उत्तर युरोपच्या अक्षांशांवर बेतलेलं आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला जूनमध्ये सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तर तो चांगलाच उत्तरेकडे उगवतो आणि मावळतो. म्हणजे ‘उत्तरेचा सौम्य प्रकाश’ म्हणून ठेवलेल्या काचेतून उन्हाळ्यात सकाळी ऊन सरळ आत येतं. उष्ण प्रदेशात काम करणाऱ्यांनी उत्तरेच्या काचेलाही आडवे-उभे पाखे, म्हणजे ऊन अडवणाऱ्या पट्ट्या, द्यायला हव्यात. गंमत अशी की आम्हाला हेच ऊन हवं होतं, फक्त माणसांच्या अंगावर नको होतं.

उत्तर मिळालं ते उत्झन यांच्या कोपनहेगनजवळच्या बाग्सवेर्ड चर्चमध्ये, १९७६ सालच्या. तिथे उजेड वर एका बाजूच्या उंच काचेतून शिरतो, काँक्रीटच्या वळणदार पांढऱ्या छतावर आदळतो आणि तिथून खाली सांडतो. खाली बसलेल्याला काच दिसत नाही, नुसतं उजळलेलं छत दिसतं. उत्तरेतल्या फिक्या सूर्यासाठी केलेली ती युक्ती आपल्याकडच्या जहाल सूर्याला उलट कारणासाठी लागू पडते: तिथे थोडा उजेड पसरवायचा म्हणून, इथे जास्तीचा उजेड बोथट करायचा म्हणून. आम्ही हॉलच्या छतावर उजेड आत उतरवणारे वळणदार नळे घेतले, काही उत्तरेला तोंड केलेले आणि एक मोठा पूर्वेला. पूर्वेच्या नळ्यातून सकाळचं ऊन येऊन समोरच्या भिंतीवर, डोक्याच्या बऱ्याच वर पडतं आणि सकाळभर खाली सरकत येतं. बसलेल्या माणसाला डोळ्यासमोर उजळ भिंत मिळते, आणि कवडसा कुठे आलाय त्यावरून किती वाजले तेही कळतं. तो बाकापर्यंत पोचायच्या आत नळ्याच्या कडेने कापला जातो. ही कड किती खाली हवी, यावर पुढचे दोन महिने गेले.

जानेवारी-फेब्रुवारी संगणकावर. उजेडाच्या गणितासाठी बरीच सॉफ्टवेअर आतून एकच यंत्र वापरतात, रेडियन्स, आणि ते लिहिणारे ग्रेग वॉर्ड म्हणजे वर आलेले २०१८ चे मानकरी. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत त्यांनी ते विकसित केलं आणि आज ते कुणालाही फुकट मिळतं. त्यावर चढवलेली लेडीबग-हनीबी ही साधनंही फुकट आहेत. हवामानाच्या तासवार फाइलीही एनर्जीप्लस या इमारतीच्या ऊर्जेचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातून विनामूल्य उतरवता येतात. खर्चाच्या भीतीने थांबला असाल तर या साधनांसाठी काहीही लागत नाही. लागतो तो वेळ आणि रात्रभर चालू राहील असा संगणक.

दोन तांत्रिक गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. पहिली: प्रकाशकिरण किती वेळा उसळी घेईल याचा आकडा, अँबियंट बाउन्सेस, बऱ्याच ठिकाणी आपोआप दोन-तीन ठेवलेला असतो. साध्या खिडकीला तो चालून जातो. खोल नळ्यातून चार-पाच उसळ्या घेत खाली येणाऱ्या उजेडाला तो अर्ध्यातच मारून टाकतो आणि तुमची रचना आहे त्यापेक्षा काळोखी दिसते. सहा-सातवर न्या आणि वेळ वाढला तर सोसा. दुसरी: पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतात ते खरं भरा. छताला ०.८, भिंतीला ०.५ आणि फरशीला ०.२ हे साधारण धरतात. सगळीकडे ०.९ टाकून हॉल उजळवता येतो, पण रुग्णालयाची भिंत वर्षभरानेही तशीच पांढरीशुभ्र राहील यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आकडे कुठले दाखवायचे याबद्दलही मत बनत गेलं. वर्षभराच्या उजेडाचं एक प्रचलित माप असं: वापराच्या निम्म्याहून जास्त तासांत किमान ३०० लक्स मिळणारं क्षेत्रफळ किती टक्के. ५५ टक्के म्हणजे चालण्यासारखं, ७५ म्हणजे चांगलं. त्याच्या जोडीला दुसरं: वर्षात २५० तासांहून जास्त वेळ थेट उन्हाचे १००० लक्स पडणारं क्षेत्रफळ. ते दहा टक्क्यांच्या आत ठेवावं. ही दोन्ही मापं टेबलाच्या पातळीवरची आहेत. आमचा सगळा मुद्दा डोळ्याच्या पातळीचा होता, त्यामुळे ती आम्ही एका कोपऱ्यात लहान अक्षरांत दिली आणि मोठी जागा बसलेल्या माणसाच्या नजरेला दिली: सकाळी आठ, दहा, बारा, असे त्याच्या डोळ्यांवर पडणारे लक्स, आणि शेजारी ऑगस्टमधले आमचे मोजलेले आकडे. मॅडमच्या त्या वाढीव व्यापाशिवाय ही तुलना करताच आली नसती.

मार्चमध्ये नोंदणी केली. नोंदणीची मुदत वेगळी आणि प्रवेशिका पाठवायची मुदत वेगळी असते. पहिली चुकली तर दुसरीला अर्थ नाही. मार्गदर्शक शिक्षकाचं नाव लागतंच, एकट्या विद्यार्थ्याला उतरता येत नाही, म्हणून शिक्षकांना आधी विचारा आणि त्यांचा चालू ईमेल घ्या, नुसता कॉलेजच्या संकेतस्थळावरचा जुना नको. गटातल्या सगळ्यांची नावं ओळखपत्रावर आहेत तशी, त्याच क्रमाने लिहा. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव घालायचं का, यावर आमच्या तिघांचे तीन प्रकार होते. पुढे कुठे प्रमाणपत्र किंवा प्रवासाची वेळ आली तर तेच नाव चालतं. कॉलेजकडून बोनाफाईड त्याच वेळी काढून ठेवलं. ते कोणी मागितलं नाही, पण कॉलेजचं कार्यालय सुट्टीत बंद असतं हे लक्षात घेता आधी असलेलं बरं.

२१ मार्चला मॉडेल बाहेर काढलं. हा सगळ्या प्रक्रियेतला मला सगळ्यात आवडलेला भाग. उजेडाच्या बाबतीत एक विलक्षण सोय आहे: त्याला मापाचं बंधन नाही. खोलीचा आकार आणि पृष्ठभागांची परावर्तनशक्ती तीच ठेवली तर १:२० च्या मॉडेलमध्ये मीटर जवळजवळ तेच दाखवतो जे खऱ्या खोलीत दाखवेल. वाऱ्याचं, आवाजाचं असं होत नाही. फक्त मॉडेल गळायला नको. फोमबोर्डमधून उजेड झिरपतो हे बाहेर नेईपर्यंत लक्षातच येत नाही. बाहेरून ॲल्युमिनियमची फॉइल आणि सांध्यांवर काळी चिकटपट्टी लावली की थांबतो. आमच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा या मॉडेलचाच होता, आणि छत तीनदा बदलता येईल असं सुटं केल्यामुळे तो आटोक्यात राहिला.

मॉडेलच्या पायावर त्या अक्षांशासाठी काढलेली छोटी सूर्यतबकडी चिकटवायची आणि मधोमध एक खिळा. मग खऱ्या उन्हात मॉडेल तिरपं करत जायचं. खिळ्याच्या सावलीचं टोक तबकडीवर २१ जून, सकाळी नऊ या रेघेवर आलं की मॉडेलच्या आतही जूनची सकाळ. एका दुपारी सगळं वर्ष फिरवून बघता येतं. डोळ्याच्या उंचीवर पाडलेल्या भोकाला मोबाइलचा कॅमेरा लावून फोटो काढले. कॅमेऱ्याचं एक्सपोजर कुलूपबंद करा, नाहीतर तो प्रत्येक वेळी आपलं आपण जुळवून घेतो आणि काळोख्या व उजळ वेळा सारख्याच दिसतात. त्या फोटोंमध्ये जूनच्या सकाळी एका उत्तरेच्या नळ्यातून उन्हाची पट्टी बाकाच्या रांगेवर स्पष्ट दिसली. संगणकात ती होतीच, पण रंगीत नकाशावर एका पिवळ्या चौकोनाएवढी. फोटोत ती माणसाच्या तोंडावर होती. पाखा लांब केला.

एप्रिल परीक्षांनी खाल्ला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मे महिना शीट्सचा. इथे माझं ठाम मत आहे आणि ते सगळ्यांना पटणार नाही: छतातून तिरपे येणारे धुकट सूर्यकिरण दाखवणारं रेंडर, म्हणजे संगणकावरचं हुबेहूब चित्र, काढू नका. खऱ्या स्वच्छ हवेत किरण दिसत नाहीत, ते दिसायला धूळ किंवा धूर लागतो, आणि रुग्णालयात तर तो नकोच. उजेडाच्या स्पर्धेत जवळपास प्रत्येकाकडे तसं एक चित्र असणार. त्याऐवजी आम्ही मॉडेलचे फोटो वापरले, एकाच जागेवरून, एकाच एक्सपोजरचे, सकाळ ते दुपार. मधोमध मोठा सेक्शन. स्टीव्हन हॉल यांच्या सिएटलमधल्या १९९७ च्या सेंट इग्नेशियस चॅपेलच्या सेक्शनकडे आम्ही बराच वेळ बघत बसलो होतो. रंगवलेल्या आडभिंतींवरून रंग घेऊन येणारा उजेड तिथे सेक्शनमध्येच समजतो, प्लॅनमध्ये नाही. आमचा प्लॅन आम्ही शेवटी अगदी लहान केला. आधी तो सगळ्यात मोठा होता, सवयीने.

मजकूर इंग्रजीत द्यावा लागतो. आम्ही आधी मराठीत बोलून घेतलं, एकमेकांना गोष्ट सांगितल्यासारखं, आणि मग लिहिलं. पहिल्या खर्ड्यात सुरुवातीचा परिच्छेद रुग्णालयाच्या इतिहासाचा होता. मॅडमनी तो खोडला आणि समासात लिहिलं: “उजेड कुठे आहे?” त्यानंतर पहिल्याच वाक्यात हॉलमधला मोजलेला आकडा गेला.

पाठवण्याबद्दल. अशा स्पर्धांत शीटवर स्वतःचं, कॉलेजचं, शिक्षकांचं नाव येता कामा नये, नोंदणी क्रमांकच ओळख. नाव शीटवर नसलं तरी पीडीएफच्या गुणधर्मांत लपलेलं असतं, लेखकाच्या रकान्यात, ते पुसा. मॉडेलच्या एका फोटोत मागे कॉलेजच्या फाटकावरची पाटी आली होती, तोही कापला. फाइलचा आकार ठरलेल्या मर्यादेत बसवताना फोटो दाबले जातात आणि उजेडाच्या फोटोत गडद भागांचे पट्टे पडतात. हे आपल्या स्क्रीनवर पटकन दिसत नाही, म्हणून दाबलेली फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर उघडून बघा. मुदत आयोजकांच्या घड्याळाने असते, आपल्या नाही. आम्ही तो फरक आपल्या बाजूने धरायचाच नाही असं ठरवलं होतं आणि आदल्या दिवशी दुपारी पाठवून मोकळे झालो. पोच मिळाली, तिचा स्क्रीनशॉट काढला, आणि मग तिघांनाही काय करावं सुचेना.

मग वाट बघणं. जून, जुलै, पुढेही. जगाचे पाच प्रदेश केलेले आहेत. आधी प्रत्येक प्रदेशातून दोन्ही विभागांचे विजेते निवडतात आणि मग त्यांच्यातून जागतिक. या काळात मेल तपासायची सवय लागते. स्पॅमचा फोल्डर मी किती वेळा उघडला ते सांगणार नाही. मधल्या काळात आमच्यातला एक इंटर्नशिपला लागला, दुसरी प्रबंधाच्या मागे लागली, आणि स्पर्धेचा विषय बोलण्यात येईनासा झाला. हे बरंच झालं.

निकालात आमचं नाव नव्हतं. प्रत्येक प्रवेशिकेवर स्वतंत्र अभिप्राय मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. एवढ्या कामांवर तसं लिहिणं कुणाला शक्य नाही. संध्याकाळभर वाईट वाटलं, ते नाकारत नाही. विशेषतः आमच्या सोबत्याला, कारण विभाग निवडताना त्याचं ऐकलं नव्हतं. त्याने तो विषय काढला नाही, मीच काढला. तो म्हणाला, “तिथे तर आपलं पहिल्याच शीटवर थांबलं असतं.” ते खरं की माझं मन राखायला, माहीत नाही.

आठवड्याभराने विजेत्यांची कामं नीट बघितली. त्यांची उत्तरं आमच्यापेक्षा मोठी नव्हती, बरीचशी लहान होती. एकाच गोष्टीचा उजेड, पण तिचा पूर्ण छडा लावलेला. आमच्या प्रवेशिकेत पूर्वेचा नळा, उत्तरेचे नळे, पाखे, कवडसा, शरीराचं घड्याळ, सगळं होतं. आज करायचं झालं तर मी फक्त पूर्वेचा नळा आणि समोरची भिंत ठेवीन. उत्तरेचे नळे त्या हॉलला लागतातच, पण स्पर्धेतल्या शीटला लागत नाहीत. या दोन वेगळ्या गरजा आहेत हे कॉलेजच्या ज्युरीत कधी समोर येत नाही, तिथे सगळं दाखवावंच लागतं.

रुग्णालयाला मोजणीचा अहवाल दिला, कबूल केलं होतं म्हणून. त्यात नळे नव्हते. तपासणीच्या खोल्यांच्या दारांवरची रंगवून टाकलेली झडपांची काच खरवडून मोकळी केली तर हॉलच्या कडेला किती फरक पडेल, एवढंच गणित होतं. अहवालाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतलाय.

ज्युनियर विचारतात ती शेवटची गोष्ट: पोर्टफोलिओत हे कसं लिहायचं? स्पर्धेचं नाव, वर्ष, विभाग आणि पुढे ‘सहभाग’. ‘नामांकन’ लिहू नका, ते वेगळं असतं आणि मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक असतं. गटात कोणी काय केलं ते एका ओळीत लिहा. माझ्या नावापुढे मोजणी, मॉडेल आणि सेक्शन आहे, सिम्युलेशन नाही. पुढच्या फेरीत उतरणार असाल तर सूर्यतबकडीची रेखाटनं आणि परवानगीच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, मागा. मॉडेल मात्र मिळणार नाही, त्याचं छत तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी आधीच नेलंय.